कान तयार करताना

१९८२ साली मुंबईत चरणजित सिंग या वादकाची एक तबकडी निघाली. दहा राग, आणि त्यांच्याखाली डिस्कोचा ठेका. चरणजित सिंग हिंदी चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांत वर्षानुवर्षं वाजवत आलेले, गिटारवर आणि कीबोर्डवर हात बसलेला. त्यांच्याकडे रोलँड या जपानी कंपनीची तीन यंत्रं होती: ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे ठेक्याचं यंत्र आणि टीबी-३०३ ही बेस वाजवणारी छोटी चंदेरी पेटी. ही यंत्रं नुकतीच बाजारात आलेली. ती शिकवणारं तेव्हा मुंबईत कोण असणार? त्यांनी ती घरी बसून स्वतःच समजून घेतली, एकमेकांना जोडली आणि भैरवी, यमन, तोडी, मालकंस त्यांच्यावर वाजवले. तबकडी फारशी खपली नाही. २०१० साली ती युरोपात पुन्हा निघाली, तेव्हा ऐकणारे चक्रावून गेले. शिकागोत १९८७ च्या सुमारास जे संगीत ‘अ‍ॅसिड हाऊस’ म्हणून गाजलं, त्याच्याशी पाच वर्षं आधीच्या या मुंबईच्या तबकडीचा नाद कमालीचा जुळत होता. चरणजित सिंग सत्तरी ओलांडल्यावर युरोपातल्या तरुणांसमोर ही यंत्रं घेऊन उभे राहिले. २०१५ साली ते गेले.

मुंबईला शिकागोचं माहीत नव्हतं आणि शिकागोला मुंबईचं. मग नाद जुळला कसा? मला यामागे दोन कारणं दिसतात. टीबी-३०३ मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाण्याची सोय आहे. रागसंगीतात मुरलेल्या माणसाला त्यात मींड दिसणार हे ओघानंच आलं. आणि राग कॉर्ड बदलत पुढे जात नाही. एका षड्जाशी तो ठाण मांडून बसतो आणि तिथेच खोल उतरतो. नाचासाठी रात्रभर चालणारं संगीतही असंच एका जागी राहून बदलत जातं. दोन्हीकडच्या माणसांनी यंत्राला विचारलं, ‘तुला काय काय येतं?’ आणि जे उत्तर मिळालं त्याचं संगीत केलं. या पुस्तकाचा विषय हाच आहे: कुणी न शिकवता, यंत्रासमोर बसून, नाचाचं इलेक्ट्रॉनिक संगीत तयार करायला शिकणं.

शिकागोची गोष्ट जरा सावकाश सांगायला हवी. टीबी-३०३ हे तादाओ किकुमोतो यांनी रचलेलं यंत्र. एकट्यानं सराव करणाऱ्या गिटारवादकाला बेसची साथ मिळावी, हा त्यामागचा हेतू. पण त्यातून निघणारा आवाज खऱ्या बेस गिटारसारखा मुळीच नव्हता, आणि त्यात स्वर भरणं हे डोकेदुखीचं काम: आधी सगळे स्वर एका फेरीत भरायचे, मग प्रत्येक स्वर किती लांब ते दुसऱ्या फेरीत. १९८४ पर्यंत उत्पादन बंद झालं. सुमारे दहा हजार पेट्या तयार झाल्या होत्या. त्या जुन्या सामानाच्या दुकानांत पडेल भावात जाऊ लागल्या. शिकागोतल्या स्पँकी, डीजे पिअर आणि हर्ब जे या तिघा पोरांनी अशीच एक पेटी मिळवली. पेटीच्या वरच्या कडेला ओळीनं बारीक खुंट्या आहेत: कटऑफ, रेझोनन्स, डिके, अ‍ॅक्सेंट. बेस गिटारचा भास हवा असेल तर या खुंट्या एकदा लावून सोडून द्यायच्या. पिअर पेटी वाजत असतानाच त्या पिळत राहिला. कटऑफ उघडत गेला की आवाजातली धार वर येते, रेझोनन्स वाढवला की तीच धार किंचाळते, आणि दोन्ही एकत्र फिरवले की तेच सहा-सात स्वर जिवंत जनावरासारखे कण्हू लागतात. त्याची बारा मिनिटांची टेप त्यांनी म्युझिक बॉक्स या क्लबचा डीजे रॉन हार्डी याला दिली. सांगतात ते असं, की पहिल्यांदा वाजली तेव्हा लोक जागेवरून हलले, निघून गेले. हार्डीनं त्याच रात्री ती पुन्हा पुन्हा लावली, आणि चौथ्या खेपेला अख्खा क्लब वेडापिसा झाला. १९८७ साली ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ या नावानं ती तबकडीवर आली. पोरांनी नाव घेतलं होतं फ्युचर.

डेट्रॉइटजवळच्या बेलव्हिलमध्ये हुआन अ‍ॅटकिन्स, डेरिक मे आणि केविन सॉन्डरसन हे तिघे शाळकरी मित्र रात्रीचा रेडिओ ऐकत आणि हाताशी असलेली स्वस्त यंत्रं चाळवत टेक्नोपर्यंत पोचले, तीही याच जातीची हकिकत.

म्हणून मी हे ठासून सांगतो की या संगीतात स्वतः शिकणं हा आडमार्ग नव्हे. हाच हमरस्ता आहे. संगीत विद्यालयांत हा विषय आला तो खूप नंतर, आणि आला तो याच पोरांनी शोधलेलं घेऊन. मात्र गुरू नसला तरी गुरूचं काम कुणाला तरी करावंच लागतं. ‘हे चुकलं, पुन्हा कर’ असं म्हणणारं कुणीतरी लागतंच. ते काम आपल्या स्वतःच्या कानानं करायचं असतं आणि कान जन्मतः तयार नसतो. हे सगळं पुस्तक म्हणजे तो कान तयार करण्याचा खटाटोप आहे. सॉफ्टवेअरची बटणं त्यात ओघानं येतात.

सॉफ्टवेअरबद्दल थोडं. १९९७ च्या अखेरीस बेल्जियमच्या इमेज-लाइन कंपनीत दिदिए दांब्रां या प्रोग्रामरनं फ्रूटीलूप्स तयार केलं. पुढे २००३ साली त्याचंच नाव एफएल स्टुडिओ झालं. त्याचा पहिला अवतार म्हणजे पडद्यावर सोळा खान्यांची एक ओळ, एवढंच. ती ओळ टीआर-८०८ सारख्या ठेक्याच्या यंत्रांच्याच वळणाची. आपल्याकडच्या वाचकाला सोळाचा हिशेब समजावून सांगावा लागत नाही. चारचे चार विभाग त्याच्या बोटांवर असतात. पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि तेराव्या खान्यात किक भरा. पाचव्या आणि तेराव्यात क्लॅप. तिसऱ्या, सातव्या, अकराव्या, पंधराव्यात उघडी हायहॅट. वेग मिनिटाला १२४ वर ठेवा आणि वाजवा. जगभरच्या हाऊस संगीताचा सांगाडा तुमच्यासमोर उभा आहे आणि त्याला दोन मिनिटं लागली. डच मुलगा मार्टिन गॅरिक्स यानं २०१३ साली सतराव्या वर्षी ‘अ‍ॅनिमल्स’ हा ट्रॅक याच सॉफ्टवेअरवर केला, आणि मग अकोल्यापासून अलिबागपर्यंत कितीतरी मुलांना वाटलं की मधे आता काहीच आडवं येत नाही.

आडवं येतं ते विपुलतेचं संकट. फ्युचरकडे पिळायला मोजक्या खुंट्या होत्या, म्हणून त्या शेवटपर्यंत पिळल्या गेल्या. आजच्या मुलाच्या हार्ड डिस्कवर हजारो तयार किक असतात, शेकडो प्लगइन असतात, प्रत्येक प्लगइनमध्ये शेकडो प्रीसेट. संध्याकाळ त्यांतला एक निवडण्यात जाते आणि रात्री दुसरा बरा वाटू लागतो. याच्यावर माझा एकच तोडगा आहे आणि तो कडक आहे. पहिलं वर्ष एकच सिंथेसायझर, एकच ठेक्याचा संच, आणि सॉफ्टवेअरमध्येच आलेले ईक्यू आणि कॉम्प्रेसर. नवीन काही उतरवून घ्यायचं नाही. त्या एका सिंथेसायझरची प्रत्येक खुंटी डोळे मिटून ओळखता आली की पुढच्याकडे वळा. विकत घ्यायची ऐपत नसेल तरी क्रॅक व्हर्जनच्या वाटेला जायचं कारण नाही. एलएमएमएस पूर्ण मोफत आहे, आणि एफएल स्टुडिओची चाचणी आवृत्ती सगळं करू देते, फक्त जपून ठेवलेलं काम पुन्हा उघडू देत नाही. शिकणाऱ्याला ही अट उलट पथ्यावर पडते: बसल्या बैठकीला जे काही होईल ते पुरं करून ऑडिओ फाइल बाहेर काढावी लागते.

आता कानाकडे. नव्या माणसाचा पहिला ट्रॅक बहुधा एकाच ठिकाणी फसतो: किक आणि बेस एकमेकांच्या अंगावर पडतात. दोघांचं घर एकच, साधारण ४० ते १०० हर्ट्झचा पट्टा. दोघांना एकाच क्षणी तिथं राहायचं असतं, आणि परिणामी दोघंही गढूळ होतात. मुलगा मग किक मोठी करतो, मग बेस मोठा करतो, मग सगळंच मोठं होतं आणि काहीच ऐकू येत नाही. इथं ढोल-ताशा पथक आठवावं. ढोलाचा घुमारा खाली, ताशाची तर्री वर, जोडीला टोल आणि झांज. शंभर माणसं एकदम वाजवतात तरी प्रत्येक वाद्य वेगळं कळतं, कारण प्रत्येकानं आपली जागा धरलेली असते आणि दुसऱ्याच्या जागेत कुणी घुसत नाही. चांगला मिक्स म्हणजे नेमकं हेच. किकला ५५ हर्ट्झच्या आसपास बसवलं तर बेसचा जोर त्याच्या थोडा वर घ्यायचा, नाहीतर किक पडेल त्या क्षणी बेसला मागे सरकवायचं. या दुसऱ्या युक्तीला साइडचेन म्हणतात. नाचाच्या संगीतातला तो श्वास घेतल्यासारखा हेलकावा तिच्यातून येतो.

पण समजा, हे सगळं जमवलं आणि तरी दुसऱ्याच्या गाडीत ट्रॅक लावल्यावर बेस घोंघावू लागला. इथे दोष बहुतेक वेळा खोलीचा असतो. आपल्याकडे मुलाच्या वाट्याला येते ती दहा बाय दहाची खोली. दोन भिंतींमधलं अंतर सुमारे तीन मीटर. ५६ हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी सहा मीटरच्या थोडी वर असते, म्हणजे अशा खोलीच्या बरोबर दुप्पट. त्यामुळे ही लहर दोन भिंतींमध्ये अडकून उभी राहते: भिंतीजवळ ती फुगते आणि खोलीच्या मधोमध जवळजवळ नाहीशी होते. लांबी-रुंदी सारखी असल्यानं दोन्ही दिशांनी हेच घडतं. आता टेबल खोलीच्या मध्यावर असेल तर बसणाऱ्याला किक पोकळ वाटते, तो ती वाढवत नेतो, आणि बाहेर तीच किक छाती दडपून टाकते. करून पाहायला सोपं आहे. ५६ हर्ट्झचा एक सलग सूर स्पीकरवर हळू आवाजात लावा आणि खोलीत चालत फिरा. कोपऱ्यात तो गुरगुरेल, मधोमध तो हरवेल. खुर्ची मागच्या भिंतीपासून थोडी पुढे, पण मध्यावर येणार नाही अशी ठेवली, कोपऱ्यांत कपड्यांनी गच्च भरलेलं कपाट किंवा जाड गाद्या रचल्या, तर थोडाफार फरक पडतो; बाकीचं हेडफोनवर तपासावं. महागड्या स्पीकरआधी हे.

मोबाइलच्या स्पीकरचा प्रश्न याच्या उलटा. तो इवलासा पडदा साधारण दोन-तीनशे हर्ट्झच्या खालचं धड वाजवूच शकत नाही. तरी चांगल्या ट्रॅकचा बेस मोबाइलवरही कळतो, तो कसा? मूळ सूर गायब असला तरी त्याचे वरचे स्वरांश कानावर पडले की आपला मेंदू खालचा सूर स्वतः भरून काढतो. म्हणून निव्वळ गुळगुळीत साइन लहरीचा बेस मोबाइलवर मरतो आणि थोडी खरखर मिसळलेला बेस जगतो. आपलं संगीत पहिल्यांदा बहुतेक मोबाइलवरच ऐकलं जाणार आहे; तेव्हा ही गोष्ट शेवटी करायची डागडुजी समजू नये.

यापुढचा अडसर तंत्राचा नाही आणि मला तो सगळ्यांत जास्त डाचतो. आठ मात्रांच्या चार आवर्तनांचा झकास लूप होतो, तो तासन्‌तास वाजत राहतो, आणि त्याचा ट्रॅक कधीच होत नाही. कितीतरी गुणी मुलांच्या संगणकात असे शेकडो लूप पडून आहेत. लूप ऐकून ऐकून गोड लागतो आणि त्याला हात लावायची भीती वाटू लागते. यावर हिशेबाचा आधार घ्यावा. वेग मिनिटाला १२८ असेल तर चार-चार ठोक्यांचे सोळा बार बरोबर तीस सेकंदांत होतात. आवडता एखादा ट्रॅक घ्या, सॉफ्टवेअरमध्ये टाका, आणि दर तीस सेकंदांनी काय आलं, काय गेलं एवढंच लिहून काढा. बेस कधी शिरला, किक कुठे थांबली, बिल्डअप किती बारांचा, ड्रॉपनंतर नवीन काय आलं. मग त्या सांगाड्यावर आपला लूप पसरा. जास्तीचं काढत नेलं की आपोआप सुरुवात आणि ब्रेकडाऊन मिळतात. सहा मिनिटं भरतात. ट्रॅक वाईट होईल, पण तो पुरा होईल, आणि पुऱ्या झालेल्या वाईट ट्रॅकमधून जे कळतं ते अर्धवट सुंदर लूपमधून कळत नाही.

ही रचना कुठून येते तेही पाहण्यासारखं आहे. गोव्यात हणजुणच्या किनाऱ्यावर १९८० आणि १९९० च्या दशकांत ज्या रात्रभराच्या पार्ट्या होत, तिथं गोवा गिलसारखे डीजे तबकड्यांऐवजी डॅट टेप वाजवत. उन्हात आणि धुळीत तबकड्या टिकत नाहीत. टेप खिशात मावते आणि हातोहात नक्कल होते. पण टेपचा वेग हव्या त्या प्रमाणात कमी-जास्त करून दोन ठेके जुळवता येत नसत. म्हणून त्या संगीतात सुरुवातीला आणि शेवटी ठेका नसलेले लांब तुकडे आले, एकातून दुसऱ्यात विरघळायला. वाजवण्याच्या सोयीनं संगीताची घडण ठरवली. तुमचा ट्रॅक कोण, कशावर, कुठे वाजवणार, हे आधी ठरवलं तर त्याची घडण निम्मी ठरून जाते.

आणि आपल्याकडे तो वाजतो मिरवणुकीत, हळदीत, वरातीत. तालुक्याच्या गावांत स्वतः शिकलेली मुलं कोळीगीतं, आराधी गाणी, भीमगीतं यांना किक आणि बेस लावून रिमिक्स करतात. गणपतीच्या आणि १४ एप्रिलच्या आधी त्यांना झोप नसते. फाइल पेन ड्राइव्हवरून या साउंडवाल्याकडून त्या साउंडवाल्याकडे जाते, म्हणून दर अर्ध्या मिनिटाला ते आपलं नाव गाण्यात बोलून ठेवतात. तेवढीच त्यांची सही. शिकागोच्या पोरांनी क्लबमध्ये जी परीक्षा दिली ती ही मुलं ट्रॅक्टरवर चढवलेल्या बेस आणि टॉपच्या भिंतीसमोर देतात, आणि गर्दी तिथल्या तिथे निकाल देते. वर्तमानपत्रात त्यांचा उल्लेख फक्त आवाजाच्या तक्रारींत होतो याचं मला वाईट वाटतं. न्यूक्लिया म्हणजे उद्यन सागर यानं रस्त्यावरच्या वरातीचा, बँडचा नाद आपल्या बेस संगीतात आणला आणि तो महोत्सवांच्या मंचावर पोचला. २०२४ साली क्रेटेक्स आणि श्रेयस यांचा ‘तांबडी चामडी’ हा मराठी शब्दांचा हाऊस ट्रॅक स्पिनिन रेकॉर्ड्स या डच कंपनीनं काढला. इथपर्यंत पोचणारी वाट तालुक्याच्या रिमिक्सवाल्यालाही खुली आहे, फक्त त्यानं दुसऱ्याच्या गाण्यावर ठेका चढवण्यापलीकडे जायला हवं.

इथं हक्कांचा मुद्दा येतो आणि तो टाळून चालणार नाही. परंपरागत ओवी किंवा कोळीगीत सगळ्यांचं असतं. त्याचं एखाद्या कंपनीनं केलेलं ध्वनिमुद्रण सगळ्यांचं नसतं. भारतात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षं टिकतो, आणि गीतकार-संगीतकारांचा हक्क त्याहून वेगळा, त्यांच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत. म्हणून माझा आग्रह असा की आवाज आपणच गोळा करावेत. मोबाइलचा माइक वाईट नाही. गावातल्या संबळवाल्याला विचारून, त्याचा मोबदला देऊन, दहा मिनिटं संबळ मुद्रित करा; जगात दुसऱ्या कुणाकडे नसलेला सॅम्पल तुमच्याकडे येईल आणि तो वाजवणाऱ्याचं नाव तुम्हाला अभिमानानं लिहिता येईल.

अखेरीस एक काळजी. ज्या कानावर ही सगळी विद्या उभी आहे तो एकदा गेला की परत येत नाही. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तासांपर्यंत सुरक्षित मानतात, आणि दर तीन डेसिबलना ही मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला ती पंधरा मिनिटांवर येते. मिरवणुकीतल्या बेससमोर उभं राहणाऱ्याला हा आकडा माहीत असायलाच हवा. कार्यक्रमाला जाताना इअरप्लग घाला. घरी काम करताना आवाज इतका ठेवा की शेजारी बसलेल्याशी नेहमीच्या स्वरात बोलता येईल; मिक्सही त्याच आवाजात जास्त खरा कळतो.

पुस्तकातली प्रकरणं ज्या क्रमानं दिली आहेत त्याच क्रमानं करावीत. पहिल्या प्रकरणात तयार किक वापरायची नाही. एका साइन लहरीचा सूर सेकंदाच्या विसाव्या भागात वरून खाली उतरवून ती स्वतः घडवायची आहे. त्यासाठी संगणक आणि बरे, कान झाकणारे हेडफोन पुरेत. कीबोर्ड लागेल तो पाचव्या प्रकरणापासून, आणि तोही दोन सप्तकांचा चालेल. गाणी बाजारात कशी आणावीत, प्रसिद्धी कशी करावी, यावर इथं काही लिहिलेलं नाही. डीजे म्हणून वाजवण्याची कलाही वेगळी आहे आणि तिला वेगळं पुस्तक हवं.